घसा धरल्याचं सोंग

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर आत्या-भाची बसल्या होत्या. भाचीची आई बाहेर स्कूटर लावत होती.

“आत्या, डॉक्टर ‘आ कर’ म्हणणार. जीभ टोचून मणी घातलेला दिसणार.”

“दिसू दे. त्यांनी काय कमी जिभा पाहिल्यात?”

“आईने नाही पाहिल्या. तिखट का खात नाहीस विचारलं तर घसा धरलाय सांग, हे तूच शिकवलंस. मी गार दूध मागितलं, तिने गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. जीभ नुसती पेटली.”

“जखम भरेपर्यंत कळ काढ. आत तोंड जरा कमी उघड.”

“तुला कधी जमलंय ते?”

तेवढ्यात आई आली.

“वन्सं, तुम्हीही आत चला. चहा उकळता लागणाऱ्या तुम्ही, हल्ली बर्फ चघळताय. तुमचाही घसा दाखवून घेऊ.”

“आत्या, तू मोठी. आधी तू आ कर.”