शकुंतलाबाईंचा होकार

नाई नाई, त्या स्टुलावर नका बसू रेणूताई, त्याचा एक पाय हलते — इकडं या, पंख्याखाली. तं काय सांगून राहिली मी — रिपोर्ट आज नाई. सोमवारी. काऊन म्हणजे — आता तुमच्या आईनंच अडवला, त्याले मी काय करू? हसा, हसा. पण खरं सांगते. आई जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यायच्या होकाराशिवाय या लॅबमधून असा रिपोर्ट बाहेर जात नाई. घरी तरी काय वेगळं होतं? तुमच्या भावाले शर्ट घ्याचा असला तरी आधी आईले दाखवा! मी सून म्हणून आली तं पहिल्याच सकाळी म्हणतात, ‘दामिनी, कुकरचा भात आपल्या घरी चालत नाई. पेज काढाची, मग भात.’ मी डीएमएलटी, लॅबचा डिप्लोमा झालेली पोरगी, गंज-पातेलं घेऊन पेज काढत बसली.

थांबा, नीट सांगते. तुमच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आला ना मागच्या हप्त्यात — कॅन्सर हाय हे तं डॉक्टरनं सांगतलंच, ते लपलं नाई. आता पाहाचं का तो कोणत्या वाणाचा. पेशीवर हर-टू नावाचं एक प्रोटीन राहते, ते लई वाढलं का नाई, एवढंच. अन् ते शोधाले अँटीबॉडी सोडतो आम्ही. साधी नाई — मोनोक्लोनल. मतलब काय, साध्यात दहा जण शोधाले पाठवले तं दहा जण दहा ठिकाणी हात लावून येतात. हे सगळे एकाच पेशीची पैदास, सगळ्यायले एकच खूण पाठ. आई नव्हत्या का आपल्या गोरेगावच्या धानाच्या बाजारात — दाणा दाताखाली धरला का सांगून देत, जुना तांदूळ का नवा, बाकी कोणी कितीबी बोलो! तसंच. प्रोटीन सापडलं का चिकटते, वरून रंग टाकला का तिथं तपकिरी होते. नाई सापडलं, तं धुतलं का निघून जाते, सगळं निळं. पेशीच्या चारी बाजूनं तपकिरी आली, धानाच्या बांधीले चारी कडंनं मातीचा धुरा राहते तशी, तं समजाचं — होय.

मग आई कुठून आल्या? अवो, अँटीबॉडी खराब झाली असन तं? रंग जुना असन तं? सगळं निळं दिसन अन् आम्ही बिनधास्त ‘नाई’ लिहून देऊ! म्हणून प्रत्येक काचेवर वर एक तुकडा ठेवा लागते — ज्याचं प्रोटीन पक्कं ठाऊक हाय असा. तो तपकिरी झाला, तं खालच्या पेशंटचं खरं मानाचं. तो नाई झाला, तं सगळा माल फेका, नव्यानं करा. तो वरचा तुकडा म्हणजे आपल्या आई, त्यायच्याच गाठीचा. लई गडद निघाला होता ना त्यायचा. त्यायनंच सांगतलं होतं, ‘ठेव माझा तुकडा, लोकायच्या लेकीबाळीच्या कामी येईन. पण काम बरोबर करजो.’ जाता जाताबी टोमणा! आता डब्बीवर शकुंतलाबाई नाव नाई, नुसता नंबर हाय, पण इथं सगळे ‘सासूबाई’च म्हणतात — ‘सासूबाई खुश हायेत का आज?’ अन् मजा सांगू? रंगाच्या आधी तुकडा उकळा लागते. कशात? कुकरात! शिट्टी झाली का दरवेळी माह्या मनात येते — आता बोला आई.

तं आज रुसल्या. रंगच घेतला नाई. म्हणून सोमवार. टेंशन नका घेऊ, रविवारी तुमच्या लेकीचं, रुचीचं साक्षगंध हाय, ते आनंदानं करा. त्या पवनीवाल्या पाहुण्यायसमोर नवरीच्या आईचं तोंड उतरलेलं दिसलं तं लोक दहा गोष्टी करतात. हिरवी साडी नेसाल ना? नेसा. आईचीच हाय, तुमाले शोभून दिसते — तोंडवळाच तो हाय तुमचा, कोनी बी म्हणते. आता सकाळी मायक्रोस्कोपले डोळा लावला तं मीच चकली, वरची आई कोनती अन् खालची लेक कोनती, दोघीबी धुऱ्या-धुऱ्यानं सारख्याच गडद —

…

असं काऊन पाहून राहिल्या?

नाई, म्हणजे — मागच्या वेळचं — बरं, राहू द्या. मले खोटं बोलता येत नाई, आई म्हणतच होत्या. बसा. पानी प्या. ऐका — रडू नका, आधी ऐका. या वाणाचं औषध निघालं हाय, तेबी अँटीबॉडीच हाय, त्याच प्रोटीनले जाऊन धरते. ज्याचं तपकिरी, त्यालेच ते लागू पडते. आईनं वरीसभर पदराखाली गाठ लपवली, सांगतली तेव्हा इंजेक्शनाले काही उरलंच नव्हतं. तुम्ही गाठ हाताले लागली त्याच हप्त्यात आल्या. फरक हाय रेणूताई. लई फरक हाय. मी डॉक्टर नाई, पण रोज पाहते ना.

काय सांगू, आठ वर्षं त्या बाईच्या हाताखाली काढली. भातात खडा, वरणात मीठ, काही ना काही निघेच. आज पहिल्यांदा माह्यं काम एका फटक्यात पास केलं — असा साफ रंग मी जन्मात पाहला नाई — अन् मी तिथंच हात जोडले, का आई, आज नाई म्हणा. आज खोट काढा.

नाई काढली.

उठा आता. आपले जावई इंद्रकुमारजी तुमच्यासाठी खाली गाडीपाशी उन्हात उभे हायेत. रिपोर्ट डॉक्टरच सांगतीन, मी काही बोलली नाई. अन् तोंड धुऊन जा, तिकडं बेसिन हाय.