दत्ताकाकांची लँडलाइन

मंडळी, वाट वाकडी करून तुम्ही सगळे दत्ताकाकांच्या शोकसभेला आलात. कुणी साउथहॅम्प्टनहून, कुणी एजवेअरहून. नीताताई, तू म्हणालीस, "समीर, बाबांचा तू लाडका, तू बोल." ताई, मी बोलतो. पण मान वर करून बोलता येणार नाही.

मी इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला ब्रॉडबँड कंपनीत आहे. जुन्या तांब्याच्या तारा बंद करायच्या, घरोघर फायबरची नवी केबल न्यायची, फोनही त्यावरच, हे आमचं काम. नवीन आलो तेव्हा दत्ताकाकांनी चार महिने मला घरात ठेवून घेतलं होतं. त्यांच्यापुढेच मी फुशारक्या मारायचो, "काका, आता कसलं फास्ट इंटरनेट येतंय बघा!" काका म्हणायचे, "अरे, मला कुठे घाई आहे? फोन वाजतो, मी उचलतो. झालं."

त्यांचा रस्ता आमच्या टीमकडे होता. सगळी घरं झाली, काकांचंच राहिलं. ऑफिसात माझी चेष्टा व्हायची, तुला तुझे अंकल पटवता येत नाहीत म्हणून. शेवटी काका हो म्हणाले. माझ्यासाठी म्हणाले.

फॉर्म मीच भरला. त्यांच्याच टेबलावर, त्यांनी केलेले पोहे खात. त्यात एक प्रश्न असतो. अडीअडचणीला या घरात फक्त लँडलाइनच आहे का? कारण नवा फोन घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की फोन गेला. जुन्याचं तसं नव्हतं, त्याला वीज तारेतूनच यायची. "हो" लिहिलं की कंपनी बॅटरी देते. पण त्याला वेगळी अपॉइंटमेंट, आणखी तीन आठवडे. काका एकटे. काकांकडे मोबाइल नाही. मी "नाही"वर टिक केली.

मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. माझं कामच आहे हो ते!

गेल्या महिन्यात त्या वादळात सकाळी वीज गेली आणि काका जिन्यावरून पडले. संध्याकाळी शेजारणीला सापडले. हॉस्पिटलमध्ये मला एकट्याला म्हणाले, "फोन मुकाच होता रे." तेवढ्यात ताई, तू आलीस. रडत रागावलीस, "बाबा, फोन का नाही केलात? किती हट्टी!" काकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सुचलंच नाही बघ. म्हातारा झालो."

मी तिथेच उभा होतो. गप्प. ते गेले तेव्हाही गप्प. मला लाज वाटते, ताई. मरणाऱ्या माणसाने मला पाठीशी घातलं आणि मी घालू दिलं.

गेले दहा दिवस तू भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतेस, बाबा हट्टी, त्यांनी फोन केलाच नाही. ताई, ते सरपटत हॉलपर्यंत, फोनपर्यंत गेले होते, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी फोन केला होता. तुझाच नंबर. पुन्हा पुन्हा.

आता काकांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. मग ताई, तू बोल. मी इथेच उभा आहे.