टेबलाखालचा भूकंप

नाई नाई, हसू नका तुम्ही… मले पयले एक सांगा, भूकंप व्हायले मानसाले किती शिक्षन लागते? मी नववी पास आहो, आन् झालो ना भूकंप! अख्ख्या शाळेसमोर झालो! पाठ अजून सरळ होऊन नाई राह्यली. काल ड्यूटीवर सायब विचारते, "रुपराव, वाकून काहून चालून राह्यला गा?" आता त्याले काय सांगू? सायब, शनिवारी भूकंप झालो होतो म्हनून?

तुम्हाले सांगतो, आम्ही राह्यतो नागपुरात, नंदनवन वस्तीत, मी जातो कोराडीले, पॉवर हाऊसमधी कोळशाच्या सेक्शनात हेल्पर, आन् पोट्टी माही, प्रेमिला, जाते इंग्रजी शाळेत, पाचवीत. रायझिंग सन इंग्लिश स्कूल! नावात सूर्य हाय, वर्गात बल्ब नाई. आता तुम्ही म्हनान, हेल्परची पोट्टी इंग्रजी शाळेत काहून? हेच म्हनतात सारे! अरे, माही माय आहे ना, रुखमाबाई, खाप्याले राह्यते, तिनं छप्पन साली दीक्षाभूमीच्या मैदानात माहा हात असा गच्च धरून ठेवला होता, मी एवढासा, मले समोरच्यांच्या पाठीच दिसून राह्यल्या होत्या… तवापासून तिचं एकच. शिक! मी शिकलो नववीपर्यंत, मंग बाप गेला, मंग कोळसा आला. तं बुढीनं माहा नाद सोडला आन् नातीचा धरला. "प्रेमीले चारचौघात इंग्रजी बोलताना आयकीन, मंगच डोळे मिटीन." घ्या! आता मायनं अशी अट टाकल्यावर मानूस काय करन? टाकली पोट्टी इंग्रजीत.

तं यंदा शाळेचं प्रदर्शन. विषय काय? ज्वालामुखी आन् भूकंप! नागपुरात! जिथं पहाड म्हनून सीताबर्डीची टेकडी दाखवतात, तिथं ज्वालामुखी! पन मॅडम म्हनल्या, "इंग्लिशच्या पुस्तकात धडा आहे, मुलं सगळं इंग्लिशमध्ये समजावून सांगतील, पालकांना दिसू द्या आपली मुलं कशी फाडफाड बोलतात." हाव म्हटलं. झालं, पोट्टीनं तो धडा असा पाठ केला, असा पाठ केला, का घरात जगनं मुश्कील! वरनाले उकळी आली का ओरडे, "आई, मॅग्मा!" माही बायको सिंधू म्हने, "मॅग्मा गेला खड्ड्यात, झाकन काढ पयले!" रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला, भांडे वाजले, का ही म्हने, "बाबा, ट्रेमर!" मी झोपेत घोरलो तरी ट्रेमर! आन् नुसतं पाठ नाई बरं का, समजूनही घेतलेलं. मले समजावे, "बाबा, भूकंप काहून होते मालूम आहे? खालचे मोठाले दगड दबून राह्यतात, वर्षानुवर्षं दबून राह्यतात, एकमेकाले रेटतात, आन् मंग एक दिवस सरकतात." म्हटलं, वा वं! आन् मायले खाप्याले निरोप धाडला, ये, तुही नात बोलनार आहे.

आन् मॅडमनं मले बोलावलं. गेलो. धुतलेला शर्ट घालून गेलो. मॅडम म्हनतात कशा, "रुपराव, प्रेमिलाचं पाठांतर उत्तम आहे हं, उत्तम! पण काय आहे, उच्चार… घरी तुम्ही इंग्लिश बोलत नाही ना?" आता घरी मी कोनाशी बोलू इंग्रजी? चुलीशी? "तर बोलायला आपण टिंकूला उभं करतोय, डॉक्टरांचा मुलगा, चुणचुणीत आहे. प्रेमिलाला आपण त्याहून महत्त्वाचं काम दिलंय!" मी खूष! म्हटलं कोनतं? "ती ज्वालामुखीच्या आत बसेल. धूर सोडेल." मी तोंड उघडलं, तं मॅडमनं आधीच, "आणि तुमच्यासाठीही एक काम आहे! तुमची तब्येत दणकट आहे. भूकंप कोण करणार? दोन टेबलं आहेत, एकाखाली ती, एकाखाली तुम्ही!"

म्हंजे पाहा हं. टेबलावर कोन? टिंकू. आन् टेबलाखाली कोन? तं आपन!

आता नाई म्हनावं, तं पोट्टी त्याच शाळेत आहे अजून पाच वर्षं. घरी आलो, प्रेमिलाले सांगतलं. ते म्हने, "बाबा, धुरानं खोकला आला तं चालन का?" मले वाटलं, जाऊन ते टेबल उलटं करून येतो… पन टेबल उलटं केलं तं भूकंप कायच्यावर करनार? 

बरं, एवढ्यात भागलं का? नाई! "रुपराव, तुम्ही कोराडीला आहात ना, मग खरी राख आणा हो, ज्वालामुखीच्या अवतीभवती पसरायला." आनली. थैलीभर राख घेऊन बसमधी चढलो. कंडक्टर विचारते, "थैलीत काय हाय?" म्हटलं राख. झालं! तो बाजूले सरकला. दोन मानसं उठून उभे राह्यले, मले बसाले जागा! एका म्हाताऱ्यानं हात जोडले, "कोन गेलं गा?" म्हटलं, कोनी गेलं नाई काका, शाळेची आहे. "अरेरे… मास्तर गेले का!" मान खाली घातली आन् बसलो. तुम्हाले सांगतो, इतक्या वर्षांत त्या बसमधी मले पयल्यांदा बसाले जागा भेटली, तेही राखेच्या इज्जतीवर!

बांबूच्या कमट्या मी आनल्या, पहाड मी बांधला, कागदाचा लगदा सिंधूनं कुटला, खळ सिंधूनं शिजवली. पहाड पाहाले जो येईल तो म्हने, "टिंकूनं केला का? वा!"

शनिवार आला. बुढी खाप्याहून सकाळच्याच एसटीनं हजर, नवंकोरं पांढरं लुगडं, पयल्या रांगेत खुर्चीवर मांडी घालून बसली. सिंधू बाजूले. दोन्ही टेबलांवर जमिनीलोक हिरव्या चादरी. एका टेबलाले भोक, भोकावर पहाड, पहाडाखाली पोट्टी, पोट्टीसमोर मातीच्या भांड्यात निखारे आन् पुडीत लोबान. दुसऱ्या टेबलावर पुठ्ठ्याचं गाव, शाळा, दवाखाना, पान्याची टाकी, आन् गावाखाली मी, घोडा होऊन! इशारा ठरलेला, मॅडमनं टेबलावर एक टकटक केली का धूर, दोन केल्या का भूकंप. बुढीचा आवाज मले आतून आयकू येऊन राह्यला, "कुठं हाय वं माही प्रेमी?" सिंधू म्हने, "थ्या पहाडात हाय, आत्याबाई." "पहाडात काहून कोंबली?" "कार्यक्रम हाय." "मंग तिले बाहेर काढा ना, कार्यक्रम कसा दिसन?" आता हे आयकून मी टेबलाखाली… तुम्ही हसा, हसा. टेबलाखाली कोन होतं? आपनच ना!

पाहुने आले. कोनी मोठे होते, चपला मोठ्या होत्या, चादरीच्या फटीतून मले तेवढंच दिसून राह्यलं होतं. टिंकू सुरू झाला, "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड चीफ गेस्ट…" टकटक. धूर. टाळ्या. टकटक, टकटक! मी पाठ लावली आन् हलवलं. गाव हललंच नाई! सिंधूची खळ, काय सांगू तुम्हाले, त्या खळीवर पूल बांधून टाका! मॅडम दातओठ खाऊन, "जोरात!" मी जोरात. "अहो, जोरात!!" मंग मी दिला दनका… शाळा गेली, दवाखाना गेला, टाकी गेली, आन् पाहुन्यांनी पिता पिता आपलं शहाळं पुठ्ठ्याच्या गावाच्या चौकात टेकवलं होतं, ते गेलं त्यांच्या धोतरावर! मॅडम म्हने, "हळू!" अवो, भूकंपाले हळू म्हनते का कोनी? पन पाहुना भला मानूस, धोतर झटकलं आन् हसला, "व्हेरी रिअल, व्हेरी रिअल!" आन् तिथंच त्याले काय बुद्धी झाली कोन जाने, टिंकूले विचारते, "टेल मी, माय बॉय, व्हाय डज द अर्थ शेक?"

टिंकू बंद!

त्या पोट्ट्याचा काई दोष नाई बरं का. त्याले फक्त सुरुवातीपासून येत होतं. मधातून विचारलं तं पुन्हा सुरुवातीपासून, "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड…" पुन्हा बंद. मॅडमच्या सँडल जागच्या जागी थरथरून राह्यल्या, मले दिसल्या, खरा ट्रेमर तोच! मी चादर जरा सरकवली, बाजूच्या टेबलाखाली पाह्यलं. पोट्टीचे डोळे लालभडक, नाक गळून राह्यलं, तोंडाले राख. ते माह्याकडे पाहून राह्यली. मी काई म्हनलो नाई. हाव नाई, नाई नाई, काईच नाई. कसा म्हनू? आन् तिनं मान वर केली, त्या भोकात तोंड घातलं, आन्…

"द अर्थ शेक्स बिकॉज द रॉक्स अंडर इट हॅव बीन प्रेस्ड फॉर मेनी मेनी इयर्स!"

काय आवाज गेला वर! पहाडातून घुमून गेला! असा, का जसा पहाडच बोलला! मांडवातले लोक उठून उभे राह्यले, लहान लेकरं मायले बिलगले. पाहुने तं खुर्चीतून उठले, "वंडरफुल! टॉकिंग व्होल्कॅनो! आत काय बसवलंय, टेपरेकॉर्डर?"

आन् मॅडम म्हनल्या, "येस सर. टेपरेकॉर्डर."

आयकलं? टेपरेकॉर्डर! माही पोट्टी! जितीजागती, राखेनं माखलेली, रात्रंदिवस मॅग्मा मॅग्मा करनारी माही पोट्टी… टेपरेकॉर्डर!

मी उठनार होतो, खरं सांगतो, उठनारच होतो. तेवढ्यात पयल्या रांगेतून आवाज आला, "टेप कायची वं! माही नात हाय थे! माही प्रेमी! काढा तिले बाहेर!" माय उभी! बोट पहाडाकडे! लोक हसाले लागले, त्याहिले वाटलं बुढी भेवली. मॅडम म्हने, "आजी, बसा बसा, घाबरू नका, मशीन आहे." माय म्हने, "मशीन तुही माय!" आन् मॅडमनं घाईघाईनं टेबलावर टकटक, टकटक!

आन् मी काय केलं? सांगा ना, मी काय केलं असन?

हलवलं. पाठीनं आपोआप हलवलं. इतक्या वर्षांची सवय आहे हो तिले, वरून ठोकलं का हलते. त्या गडबडीत बुढीचा आवाज गेला, टाळ्या झाल्या, उरलंसुरलं गाव पडलं, कार्यक्रम संपला. कप टिंकूले. टेपरेकॉर्डरबद्दल शाळेचं खास कौतुक.

घरी आलो. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. पोट्टी मात्र खूष! तोंड धुतलं, आजीच्या मांडीवर जाऊन बसली, "आजी, आयकलं ना? मी बोलली ना?" माय म्हने, "आयकलं वं, समदं आयकलं. पन म्हनली काय तू?" तं तिनं मराठीत सांगतलं, का आजी, जमीन काहून हलते, तं खालच्यांले लय वर्षं दाबून ठेवलं का ते एक दिवस सरकतात. मायनं तिच्या कानामागं राह्यलेली राख पदरानं पुसली. मंग म्हने, "एवढंच? हे तं मले छप्पन सालापासून मालूम हाय. याच्यासाठी इंग्रजी कायले लागते?" सिंधू हसली, पोट्टी हसली, मीही हसलो, हसता हसता पाठीत अशी कळ आली का…

बरं, आता हे आयका, म्हंजे झालं. आज सकाळी मॅडमनं पुन्हा बोलावलं. मले वाटलं, माफी मागते का काय! "रुपराव, आनंदाची बातमी! आपला ज्वालामुखी जिल्ह्याच्या प्रदर्शनात जातोय. तुम्ही दोघं याल ना? आणि प्रेमिलानं ते वाक्य परत बोलायचं हं, अगदी तसंच, आतूनच… टेपरेकॉर्डरसारखं." म्हंजे पोट्टीले बोलाले भेटलं, आयकता ना? इंग्रजीत, चारचौघात, जिल्ह्यात! फक्त बाहेर यायचं नाई. टेबलावर टिंकू, आन् टेबलाखाली कोन? तं आपन!

मी काय म्हननार? हाव म्हटलं. येतो म्हटलं. कमट्या आनतो, राखही आनतो. फक्त एक करा म्हटलं, मॅडम… टेबल जरा उंच पाहा. पोट्टी वाढून राह्यली.