पेटीतली काच

सन्माननीय अध्यक्ष, आपले संचालक साहेब. दिव्यांच्या कारखान्यातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. आजच्या सत्कारमूर्ती, आम्हा सगळ्यांच्या बाई. पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान, आमचे काका. आणि माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

बाई आज निवृत्त होत आहेत आणि उद्यापासून त्यांची प्रयोगशाळा मी सांभाळायची आहे. ठरलंय असं, की माझं भाषण संपलं की पाहुण्यांच्या हस्ते बाईंना ही मखमली पेटी द्यायची, आणि मग बाईंनी मला प्रयोगशाळेची चावी द्यायची. भाषण जरा लांबलं तर सांभाळून घ्या. पेटी उघडायची मला अजिबात घाई नाही. का, ते ओघात येईलच.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आमचं यंत्र म्हणजे झाकणाचं एक पोलादी पिंप. आत साधी काच ठेवायची, हवा काढून टाकायची. मग युरोपियम नावाच्या, दुर्मिळ मृदा म्हणतात त्या कुळातल्या धातूच्या संयुगाची वाफ सोडायची. ती काचेला एकपदरी चिकटते. उरलेली वाफ नायट्रोजनने पार धुऊन काढायची. थांबायचं. मग एका सेंद्रिय आम्लाची वाफ. ती त्या धातूला धरते. पुन्हा धुवायचं, पुन्हा थांबायचं. असे शेकडो थर चढले तरी काच कोरीच दिसते, पण अतिनील दिवा लावला की लालभडक उजळते. गंमत म्हणजे दिव्याचा उजेड झेलतं ते आम्ल आणि चमकतो धातू. बाईंच्या हाताखालीही हेच चालायचं. झेलायचं त्यांनी, चमकायचं आम्ही.

आता या कामात सगळं कौशल्य कशात आहे? थांबण्यात. पहिली वाफ पुरती निघून जायच्या आत दुसरी सोडली, तर दोघींची वाटेतच गाठ पडते आणि काचेवर थराऐवजी भुकटी बसते. म्हणून बाईंचा नियम: ज्याने यंत्र लावलं त्याने शेजारून हलायचं नाही, आणि तिथे बसून दुसरं काही करायचं नाही. कुणी चुळबुळ केली की म्हणायच्या, "यंत्राला कंटाळा येत नाही रे, तुलाच येतो." काच बाहेर आली की तिच्यावरून आपला काळा रुमाल फिरवायच्या आणि विचारायच्या, "थर की भुकटी?" रुमाल कोरा राहिला तर थर. घरी भिंती रंगवल्या तेव्हा रंगाऱ्यालाही त्यांनी हेच विचारलं म्हणे. काका, हसू नका, तुम्हीच सांगितलंत.

तर ही पेटी. हिच्या झाकणात, उघडताच लागणारा छोटा अतिनील दिवा. आतल्या काचेवर बाईंचं नाव, एरवी न दिसणारं, त्या दिव्याखाली लाल उमटणारं. ती काच मी करायची होती. काल सकाळी लावली. पण हे भाषणही लिहायचं राहिलं होतं. विषय काय घेतला होता मी? बाईंचा धीर! मंडळी, धीरावर चार चांगली वाक्यं लिहायला सवड मिळावी म्हणून मी यंत्रातला थांबायचा वेळ निम्म्यावर आणला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुपारी झाकण उघडलं, तर काचेवर पांढरट धूळ. दुसरी करायला वेळ उरला नव्हता.

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "अहो, कपाटात बाईंच्या हातची एखादी जुनी काच असेल ना? ठेवा तीच. कुणाला कळतंय?" खरं सांगतो, आज सकाळी कपाट उघडलं होतं मी. काच हातात घेतलीसुद्धा. मग वाटलं, त्यांचीच काच त्यांना भेट द्यायची आणि वर टाळ्या घ्यायच्या? त्याची भुकटीहून जास्त लाज वाटली. म्हणून पेटीत माझीच आहे. मघापासून बाई पेटीकडे कौतुकाने बघताहेत आणि मला मान वर करवत नाही.

पाहुणे, उघडा आता. अहो, तेवढे दिवे घालवा कुणीतरी. हं.

बघितलंत? नाव कुठेच नाही, नुसता लाल धुरळा. बाई, तुम्ही उठू नका. रुमाल नको, बाई...

मंडळी, काच विझली आणि बाईंचा रुमाल लाल झाला.

भुकटी, बाई. विचारू नका, मीच सांगतो. भुकटी.

लावा दिवे. बाईंनी चावी पर्समध्ये परत टाकली आहे. त्या काय म्हणाल्या ते मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो: "नीट कर आणि घरी घेऊन ये. मी वाट बघते."

तोवर रोज सकाळी संचालक साहेबांच्या दारात, त्यांच्याकडची दुसरी चावी मागायला उभा राहीन. साहेब, कंटाळू नका.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. कामात जे उणं झालं, त्याची क्षमा मात्र मी आज मागत नाही. त्याला वेळ लागेल. ती काच घेऊन मागेन.