मधातली पन्नी

पवनीच्या स्टँडवर आसगावच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर नवरा-बायको.

“तुमची माय मलेच विचारते, पोरगा लॅबमध्ये करते काय म्हणून.”

“सांग, इलेक्ट्रॉन गन बनवते. तिच्या माऱ्यानं गॅसचा लेझर चालते.”

“चालते? मंग सुटी काहून भेटत नाही?”

“पन्नीपायी. गनच्या बाजूले हवाच नाही, गॅसच्या बाजूले दाब. मधात टायटॅनियमची पन्नी, केसाहून पातळ. तिनं इकडचा मारा जाऊ द्यायचा, तिकडचा दाब सोसायचा, अन् तापायचं नाही.”

“म्हणजे तुमच्या अन् तुमच्या मायच्या मधात मी.”

“तसं नाही ना...”

“अन् फाटली तर?”

“दुसरी बसवतो.”

“बसवून तर पाहा!”

“...दे, ती बॅग मी धरतो.”