तिचं नाव काय?

जयनगरच्या बसच्या रांगेत, सुब्बारावांच्या अगदी पुढ्यात, तुंगाबाईंनी भाचीला फैलावर घेतलं होतं.

"मिशनच्या कॉलेजात समाजकार्य शिकतेस म्हणून झोपडपट्टीतलं पाणी प्यायलीस?"

"चहा प्यायले, आत्या. दोन कप."

"अगं, नुसती माहिती लिहून यायचं ना!"

"तीन आठवडे कुणी नावसुद्धा सांगेना. चहा घेतला, तशी सगळ्याजणी सांगायला लागल्या. मुनियम्मा, चिन्नम्मा..."

"अय्यो, नावं काय गोंदवून घ्यायचीत?"

"वीस वर्षं आपला संडास साफ करते, तिचं नाव काय गं?"

तुंगाबाई नाव आठवू लागल्या. मागे उभे सुब्बारावही आपल्या घरी सफाईला येणारीचं नाव आठवू लागले, आठवेना.

बस आली.

"विचारीन उद्या," पायरी चढता चढता तुंगाबाई म्हणाल्या. "पण लांबून हं!"