मुक्काम : कांपो दे ओरीक

नाव : रश्मी सुजीत रामटेके. वय : ४४ वर्षे. व्यवसाय : नोकरी, सित्रा येथील एका फॅब्रिकेशन कंपनीत एचआर विभागात. राहणार : फ्लॅट २१, तिसरा मजला, बुसैतीन, बहरीन. मूळ राहणार : तालुका लाखनी, जिल्हा भंडारा, महाराष्ट्र.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणी शिकवल्यावरून किंवा कोणाला घाबरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पती सुजीत आणि मुलगी मैत्री, वय १४, यांच्यासह राहते. माझे बोलणे दुभाषी श्री. नुमान परकार हे अरबीत सांगत आहेत. ते मूळचे खेडचे असल्याने मी मराठीत बोलत आहे. ही या जबाबाची मराठी प्रत आहे.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर श्री. गुरुप्रसाद साठे, त्यांच्या पत्नी अरुणा, मुलगी सावनी आणि श्री. गुरुप्रसाद यांच्या आई राहतात. आईंना आम्ही सर्व जण आजी म्हणतो. श्री. गुरुप्रसाद बँकेत अधिकारी आहेत. सावनी आणि मैत्री ईसा टाउनच्या शाळेत एकाच वर्गात असून एकाच बसने जातात. दोन्ही घरांचे सहा वर्षांपासून जाणे-येणे आहे. आमच्यात यापूर्वी भांडण झालेले नाही.

या वर्षी ईदच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबांनी मिळून पोर्तुगालमधील लिस्बन शहरी आठ दिवस जायचे ठरले. एकच मोठे घर घेऊन एकत्र राहायचे, ही कल्पना मुलींची होती. शहराच्या कोणत्या भागात राहायचे ते ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या वेळी आजी म्हणाल्या होत्या, "रश्मीलाच ठरवू दे. तिला माझे गुडघे माहीत आहेत."

हे काम मी दोन महिने केले. अल्फामा हा भाग फोटोत फार सुंदर दिसतो, पण तिथे सगळ्या पायऱ्याच आहेत, म्हणून सोडला. बायरो आल्टोमध्ये रात्रभर लोक रस्त्यावर पीत उभे असतात असे वाचले, दोन मुली बरोबर असल्याने तोही सोडला. नदीकाठच्या बाइशा भागात शेजारी म्हणून कोणी राहत नाही, नुसत्या पर्यटकांच्या बॅगा खडखडत जातात, असे एका बाईंनी लिहिले होते. मार्तीम मोनीझ या भागात बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी लोकांची पुष्कळ दुकाने आहेत, मसाले आणि तांदूळ मिळतात. तो भाग मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला.

शेवटी कांपो दे ओरीक हा भाग निवडला. ते शहर टेकड्यांचे आहे, पण हा भाग वर चढून गेल्यावर सपाट आहे. रस्ते सरळ आहेत. मध्ये बाग आहे, बाकांवर म्हातारी माणसे बसलेली असतात. मंडई जवळ आहे. अठ्ठावीस नंबरची ट्राम तिथूनच सुटते, त्यामुळे चढल्याबरोबर बसायला जागा मिळण्याचा संभव जास्त. मोबाइलच्या नकाशावर मी त्या घरापासून बागेपर्यंतचा रस्ता पुन्हा पुन्हा चालून पाहिला. घरमालकीण बाईंना लिहून विचारले की लिफ्ट आहे का, आणि न्हाणीघरात धरायला दांडी आहे का. त्यांनी दांडी बसवून घेतली आणि तिचा फोटो पाठवला. मग मी बुकिंग केले. बुकिंग माझ्या नावावर आहे.

त्यानंतर सर्वांनी व्हिसासाठी अर्ज केले. राहण्याचा पत्ता म्हणून सातही अर्जांत तेच घर दाखवले आहे. व्हिसा सेंटरमधून पासपोर्ट परत आणायला श्री. गुरुप्रसाद जाणार होते. एकाने सर्वांचे पासपोर्ट आणायचे, ही इकडे नेहमीची पद्धत आहे. त्याकरिता आमचे तिघांचे अधिकारपत्र मी सही करून दिले. कंपनीत माझे काम हेच आहे. नवा कामगार विमानतळाच्या बसमधून उतरला की त्याचा पासपोर्ट त्याच्याच हातात द्यायचा, मुकादमाच्या नाही, मित्राच्या नाही. कोणा कामगाराने असे पत्र लिहून दिले असते तर मी त्याला समोर बसवून चांगलेच सुनावले असते.

सर्वांचे व्हिसा मंजूर झाले. श्री. गुरुप्रसाद यांनी पासपोर्ट आणले आणि आम्हाला चहाला बोलावले. मी आणि सुजीत खाली गेलो. आजी आतल्या खोलीत होत्या, टीव्ही चालू होता.

श्री. गुरुप्रसाद म्हणाले, "वहिनी, एक छोटासा बदल केलाय. तुमच्यासाठी मार्तीम मोनीझला वेगळी जागा बघितलीय. एकदम मस्त. खाली मटणाचं दुकान. तुम्हालाच मोकळं वाटेल."

मी म्हटले, "आम्हाला कुठे कोंडल्यासारखं वाटत होतं, गुरुभाऊ?"

ते म्हणाले, "तसं नाही हो. आईचं जरा असतं ना. स्वयंपाकघर एकच आहे तिथे."

मी म्हटले, "आठ दिवस घरात अंडंसुद्धा येणार नाही. मी शब्द देते."

येथे नमूद करते की श्री. गुरुप्रसाद आमच्या घरी येऊन सावजी मटण खातात. दुसऱ्यांदा वाढून घेतात आणि खाली जाताना जिन्यात बडीशेप चघळतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझ्या शब्द देण्यावर अरुणाताई म्हणाल्या, "प्रश्न मटणाचा नाहीये गं."

"मग कशाचा आहे?" असे मी विचारले. अरुणाताई चहा गाळायला आत गेल्या. श्री. गुरुप्रसाद मोबाइल पाहू लागले. आतल्या खोलीतला टीव्ही कोणीतरी मोठा केला. चहा बाहेर आला नाही. आम्ही वर यायला उठलो.

निघताना मी आमचे तीन पासपोर्ट मागितले. श्री. गुरुप्रसाद म्हणाले, "कपाटात आहेत, सुरक्षित. आधी तेवढं बुकिंग माझ्या नावावर करून टाका, मग घेऊन जा. उगाच गोंधळ नको." मी बुकिंग त्यांच्या नावावर केले नाही. त्यांनी पासपोर्ट दिले नाहीत.

त्यानंतर मी दोनदा खाली जाऊन पासपोर्ट मागितले. एकदा ते "मीटिंगमध्ये आहे" म्हणाले. ते त्या वेळी हाफ पॅंटवर होते. दुसऱ्यांदा, मी पोलिसांत जाईन म्हटल्यावर, म्हणाले, "शुक्रवारी बसू, बोलू. यल्ला, चला वहिनी, एवढं काय मनावर घेता?"

शुक्रवारी त्यांच्याऐवजी मराठी मंडळाचे श्री. गौरव हे मध्यस्थ म्हणून माझ्या घरी आले. ते म्हणाले, "ताई, आपल्यातलं आपल्यात मिटवू. परक्या देशात आपल्या माणसावर पोलीस? लोक काय म्हणतील? त्याची बँकेतली नोकरी आहे."

मी त्यांना म्हटले, "आपल्यातलं म्हणता, तर मग वेगळी जागा कशाला बघितली?"

ते म्हणाले, "तुम्ही फार शब्दात पकडता." नंतर त्यांनी पोहे खाल्ले आणि गेले.

माझे पती सुजीत यांचे म्हणणे होते, "जाऊ दे नं रश्मी. आठच दिवसांचा तर प्रश्न आहे." मी त्यांना म्हटले, "हो, आठच दिवसांचा आहे. ते तरी काहून सोडू?" आज त्यांनी मला गाडीने इथपर्यंत आणले. ते बाहेर गाडीत बसलेले आहेत.

काल शाळेतून आल्यावर मैत्रीने दप्तर न काढताच मला इंग्रजीत विचारले, "मम्मा, सावनी सेज वी आर स्टेइंग समव्हेअर एल्स. व्हाय?" मी तिला जेवायला वाढले. तिने पुन्हा विचारले. आज सकाळी मी कामावर रजा टाकली आणि इथे आले.

प्रश्न : दोन्ही कुटुंबे हिंदुस्थानी आहेत. भाषा एक आहे. मांस तुम्ही सोडायला तयार आहात. मग त्यांची अडचण नेमकी काय आहे?

उत्तर : हा प्रश्न जबाब घेणाऱ्या महिला अधिकाऱ्यांनी विचारल्यावर श्री. नुमान यांनी मला मराठीत विचारले, "ताई, काय सांगू यांना?" मी म्हटले, "तुम्ही खेडचे आहात. तुम्हाला माहीत आहे. सांगा." त्यांनी बराच वेळ अरबीत सांगितले. काय सांगितले ते मला समजले नाही. ते बोलून झाल्यावर अधिकारी बाईंनी लिहिणे थांबवून माझ्यासाठी पाणी मागवले.

प्रश्न : दिवसभर तुम्ही बाहेर फिरणार. रात्री फक्त झोपायला येणार. मग मुक्काम कोणत्या वस्तीत, याला एवढे महत्त्व का?

उत्तर : माझ्या गावात आमची घरे नाल्याच्या पलीकडे आहेत. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की शाळा अलीकडे आणि आम्ही पलीकडे. ती जागा माझ्या आजोबांनी निवडली नव्हती. लग्नानंतर नागपुरात खोली पाहायला गेलो. घरमालक आडनाव ऐकेपर्यंत खोली रिकामी होती. बुसैतीनचा फ्लॅट सुजीतच्या कंपनीने दिला. नकाशा पुढे ठेवून, हे नको, ते नको, इथे राहायचे, असे मी आयुष्यात पहिल्यांदा ठरवले आहे.

हे तक्रारीशी संबंधित आहे का, असे मला विचारण्यात आले. संबंधित आहे, लिहून घ्यावे, असे मी सांगितले.

मार्तीम मोनीझ ही वाईट वस्ती आहे असे माझे म्हणणे नाही. तिथे जे राहतात ते कष्टाने राहतात. मी स्वतः ती निवडली असती तर आनंदाने राहिले असते.

आजींना या गोष्टीबद्दल कोणी विचारले की नाही, मला माहीत नाही. मी त्यांचे नाव या तक्रारीत घालत नाही.

वरीलप्रमाणे सांगून झाल्यावर अधिकारी बाईंनी माझ्यासमोर श्री. गुरुप्रसाद यांना फोन केला आणि दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही असे सांगितले. ते फोनवर "नो प्रॉब्लेम मॅडम, मिसअंडरस्टँडिंग" असे म्हणाल्याचे मला ऐकू आले. थोड्या वेळाने पासपोर्ट घेऊन अरुणाताई आल्या. श्री. गुरुप्रसाद आले नाहीत.

तिन्ही पासपोर्ट अधिकारी बाईंनी उघडून पाहिले आणि माझ्या हातात दिले. ते माझे, सुजीतचे आणि मैत्रीचे असून व्हिसा लागलेले व सुस्थितीत आहेत.

अरुणाताई मला म्हणाल्या, "रश्मी, एवढं करायची गरज होती का?"

मी विचारले, "अरुणाताई, चहा गाळून झाला का?"

त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या न्हाणीघरात दांडी खरंच बसवली का?" मी हो म्हटले.

प्रश्न : पासपोर्ट मिळाले. आता तक्रार मागे घेता का?

उत्तर : त्यांच्यावर कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही. तक्रार पुढे चालवायची नाही. पण जबाब मागे घेणार नाही. तो लिहिलेला राहील.

प्रश्न : त्या घराच्या बुकिंगमधून तुम्ही त्यांना काढून टाकणार का?

उत्तर : नाही. आम्ही कोणाला काढत नाही. घराला तीन खोल्या आहेत. बागेकडची खोली आजींची आहे, ती तशीच राहील, कारण तिथून न्हाणीघर जवळ पडते. स्वयंपाकघर एकच आहे आणि ते सगळ्यांचे राहील. ओट्यावर मी उभी राहीन, अरुणाताईंना वाटले तर त्याही उभ्या राहतील. हे ज्यांना चालेल त्यांनी यावे. ज्यांना वेगळे राहायचे असेल त्यांनी वेगळे राहावे. मार्तीम मोनीझची सगळी माहिती मी काढून ठेवलेली आहे, ती देईन.

प्रवासात आमच्याशी संपर्क करायचा झाल्यास पत्ता द्यावा, असे सांगण्यात आले. ईदच्या सुट्टीत आठ दिवस मुक्काम : कांपो दे ओरीक, लिस्बन. दारावर माझे नाव असेल.

माझे सांगणे श्री. नुमान यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवले. एके ठिकाणी त्यांनी माझ्या भल्यासाठी म्हणून "गैरसमजातून हा प्रकार घडला" असे वाक्य घातले होते. गैरसमज कोणाचाही झालेला नाही, म्हणून ते वाक्य मी खोडायला लावले आणि खोडलेल्या जागी सही केली. आता उरले आहे तेवढे सगळे माझे आहे आणि खरे आहे.

सही
रश्मी सुजीत रामटेके